कुंची घेऊन खानदेशात

मे महिन्यात खानदेशात जाताना काय घालावं, असं मला हल्ली आमच्या आळीतल्या दोघी-तिघी विचारून गेल्या. एकीचा मुलगा जळगावला बँकेत लागलाय, दुसरीची बहीण धुळ्याला दिलेली आहे. मी सांगते, सुती घाला, लांब बाह्यांचं घाला, डोकं झाका, आणि घाम येत नाही म्हणून खूश होऊ नका. हे शेवटचं ऐकून त्या हसतात. घाम न आलेला कुणाला आवडत नाही? मलाही आवडला होता. तेव्हा काय झालं ते एकदा बैजवार लिहूनच काढते.

मी राजापूरची. आमच्याकडे मे महिना म्हणजे अंघोळ करून बाहेर यावं आणि अंग पुसेपर्यंत पुन्हा अंघोळ व्हावी. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. माझी दोन्ही बाळंतपणं श्रावणातली. लंगोट आणि दुपटी वाळवायला चुलीवर दोरी बांधली होती, तरी त्यांचा कुबट वास काही जात नसे. तेव्हापासून कोरडं कापड म्हणजे माझ्या लेखी देवाचा प्रसाद. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी अक्कल कुठे चरायला गेली होती ते कळेल.

माझी मुलगी शर्वरी भुसावळजवळ दीपनगरला राहते. जावई नितीनराव तिथल्या वीज केंद्रात इंजिनिअर आहेत. शर्वरीनं बाळंतपणाला राजापूरला यायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. मग मीच पंधरवड्यानं जाणार होते. तर बाळ त्याच्याही आधी येऊन बसलं. फोन आला तेव्हा मी पडवीत आंबे निवडत होते. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, एवढं नितीनराव म्हणाले. ठीक आहेत असं कुणी सांगितलं की मला उलटच वाटतं. आमच्या ह्यांना हंगाम सोडून हलता येत नव्हतं. ते म्हणाले, तू हो पुढे.

मी बॅग भरली. पाच झबली, ऊबदार फलाटीनची दुपटी, लोकरीचे मोजे आणि कुंची. कुंची म्हणजे बाळाचं डोकं, कान आणि पाठ झाकणारी टोपी. ही माझ्या सासूबाईंनी शिवलेली, आत अस्तर, कडेला जर. आमच्या घरातलं प्रत्येक मूल तिच्यात वाढलंय. हे म्हणाले, "अगो, तिकडे पंचेचाळीस डिग्री आहे, पेपरात रोज येतंय." मी म्हटलं, "म्हणून काय पोरीचे कान उघडे टाकायचे?"

दीपनगर

भुसावळ स्टेशनवर भर दुपारी उतरले. गाडीच्या दारातून बाहेर पाय टाकला आणि कुणीतरी भट्टीचं झाकण उघडल्यासारखं तोंडावर आलं. पण चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, अंग कोरडं आहे. माझ्या जॉर्जेटच्या साडीचा काठसुद्धा ओला नाही. मानेवर हात फिरवला, तीही कोरडी. जन्मात पहिल्यांदा मे महिन्यात मला घाम आला नव्हता. लोक उगाच खानदेशच्या उन्हाला नावं ठेवतात, असं मी मनाशी म्हटलं. रिक्षा मिळेपर्यंत डोकं ठणकायला लागलं, ते मी प्रवासावर ढकललं.

रस्त्यावरची माणसं बघून मात्र मी चरकले. स्कूटरवरच्या मुली नखशिखांत गुंडाळलेल्या. डोक्याला ओढणी, तोंडाला ओढणी, हातात मोजे, फक्त डोळे उघडे. म्हातारे डोक्याला मोठे पांढरे रुमाल बांधून चाललेले. मला वाटलं, कसली साथबीथ आली की काय. नितीनरावांना विचारलं तर ते म्हणाले, "नाही हो आई, ऊन आहे म्हणून." आम्ही उकडलं की कपडे काढणारी माणसं. ही उलटी रीत माझ्या डोक्यात शिरेना.

मग आठवलं. शर्वरीच्या लग्नाला नितीनरावांच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, राजापूरला आल्या होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. मे महिनाच होता. अक्कांनी सकाळीच जानवशाच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले आणि त्यावर ओल्या चादरी टाकल्या. त्यांच्याकडे झळा आत येऊ नयेत म्हणून असंच करतात म्हणे. आमच्या दमट हवेत तासाभरात आतली माणसं उकडून निघाली, एका आजोबांना भोवळ आली. आम्ही बायका स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसलो होतो. अक्कांना ते ऐकू गेलं असावं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

वसाहत छान आहे. कडुनिंबाची झाडं, एकसारखी क्वार्टरं आणि मागे वीज केंद्राच्या त्या उंच चिमण्या. घरात कूलर होता, त्याच्या ताट्या वाळ्याच्या, सगळ्या खोलीला सुगंध. बाळ त्याच्यासमोर नुसत्या झबल्यात हातपाय उडवत पडलेलं. माझा जीव वरखाली झाला. ओल्या बाळंतिणीला आणि पोरीला थेट वारा. मी आधी कूलर बाहेरच्या खोलीत ढकलायला लावला, मग बाळाला दुपट्यात बांधलं आणि कुंची घातली. शर्वरी म्हणाली, "आई, इथे असं चालत नाही गं." मी म्हटलं, "तुला काय कळतंय, मी दोघांना वाढवलंय." माझा डोळा लागला की ती कूलर परत आत ओढून घ्यायची आणि पोरीला मोकळं करायची, हे मला फार मागाहून कळलं. त्या दिवसांत पोरीला काही झालं नाही याचं श्रेय मी कुंचीला देत होते.

कपडे वाळण्याचं मला विलक्षण कौतुक वाटायचं. लंगोट पिळून दोरीवर टाकावा, दुसऱ्या टोकाला जाऊन यावं, तोवर पहिला कडक. ह्यांना मी फोनवर रोज तेच सांगायची. हे म्हणायचे, "बाळ कसं आहे ते सांग ना."

भुसावळचा बाजार

अक्कांची इच्छा होती की बारसं धुळ्याला त्यांच्या घरी व्हावं. नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं, मुक्ता. मुक्ताईनगरला मुक्ताबाईच्या देवळात जाऊन त्यांनी तसं बोलून ठेवलं होतं. बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं. मला प्रवासाची धास्ती, पण विहिणीला नाही कसं म्हणणार? म्हटलं निदान वाटेत वारा लागायला नको, आणखी दोन दुपटी शिवून घेऊ.

बाजारात कापडाचं एक जुनं दुकान होतं. गादीवर पांढरी दाढी असलेले चाचा. मी फलाटीन मागितली. त्यांनी चष्मा वर केला.

"फलाटीन? आत्ता?"

"बाळासाठी हवीय."

"बाई, दिवाळीनंतर लोक घेतात. तुम्ही कुठल्या?"

"कोकणातली."

"हां," असं म्हणून ते शिडी लावून वर चढले आणि धूळ झटकत एक तागा घेऊन आले. गिऱ्हाईक कशाला सोडतील? भावही कमी केला, पडून राहिलेला मालच होता तो. मापताना एवढंच म्हणाले, "तुमच्या डोक्याला तरी मलमल घेऊन जा. ही साडी इथली नाही." माझ्या जॉर्जेटला त्यांनी असं बाद केलं. मी जरा फुगूनच ते पांढरं मलमल घेतलं, आणि न उलगडता पिशवीच्या तळाशी टाकलं.

संध्याकाळी नितीनरावांनी शेवभाजी आणली. आमच्या माशांच्या कालवणालाही इतका झणका नसतो. डोळ्यांतून पाणी काढत मी दोनदा मागून घेतली आणि मग रात्रभर पोटाची काळजी केली.

पारोळ्याच्या अलीकडे

दीपनगरहून जळगाव, पुढे एरंडोल, पारोळा आणि मग धुळे. नितीनरावांचं म्हणणं होतं, उजाडायच्या आत निघू, म्हणजे ऊन चढायच्या आधी घरात. झालं भलतंच. मी पोरीला तेल लावलं, अंघोळ घातली, धुरी दिली, काजळ, तीट. मग मी नारायणपेठ नेसले, बारशाला म्हणून. गाडी निघाली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं.

गाडीत नितीनरावांनी एसी लावला. मी लगेच म्हटलं, "तो बंद करा हो, थेट कानात जातं वारं." शर्वरी म्हणाली, "आई, प्लीज." पण नितीनराव सासूला नाही म्हणणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी एसी बंद केला. काचा उघडल्या तर झळा यायच्या, म्हणून काचाही वर. मुक्ता माझ्या मांडीवर, नव्या फलाटीनमध्ये, कुंचीत. शर्वरी रात्रभर जागलेली, ती झोपली.

एरंडोलच्या पुढे टायर पंक्चर झालं. रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली आम्ही थांबलो. नितीनराव घामाघूम होऊन चाक बदलत होते, म्हणजे व्हायला हवे होते, पण त्यांच्याही शर्टावर फक्त मिठाचे पांढरे डाग उमटलेले. दोन्ही बाजूंना काळीभोर नांगरलेली शेतं, भेगाळलेली, एक माणूस नाही. आमच्याकडे मे महिन्यात सुद्धा कुठेतरी हिरवं दिसतं. इथे नजर जाईल तिथे हवा हलत होती. मला भीती वाटायला लागली, पण कशाची ते कळेना, म्हणून मी चोराची भीती धरली आणि गळ्यातलं आत खोचलं.

मुक्ता मात्र शांत होती. रडणं नाही, कुरकुर नाही. शर्वरीनं एकदा पाजायला घेतलं तर दोनदा ओठ हलवून झोपी गेली. मी म्हटलं, "झोपू दे, गाडीत झोप लागते."

निघायला बराच वेळ गेला. पारोळ्याच्या अलीकडे एका उसाच्या रसाच्या गाड्यापाशी पुन्हा थांबलो. सासरी पोचायच्या आधी नातीला स्वच्छ करावं म्हणून मी तिचा लंगोट सोडला. कोरडा. घरून निघताना घातलेला होता तसाच. मला इतकं कौतुक वाटलं की मी शर्वरीला म्हटलं, "बघ किती शहाणी आहे, प्रवासात आजीला त्रास नाही." शर्वरीही हसली.

मग मी रुमाल ओला करून माझं तोंड पुसलं आणि तो गाडीच्या दारावर टाकला. रसाचा पेला संपवून उचलला तर रुमाल पापडासारखा. तिथे माझ्या मनात काहीतरी अडकलं. इथे ओलं टिकत नाही. म्हणजे पोरीनं शू केली असेल आणि ती वाळूनही गेली असेल. मी लंगोट उचलून नाकाशी धरला. रसवाला बघत होता, बघू दे. आयुष्यभर मी लंगोट हुंगत आले आहे, वाळलेला लंगोट वासावरून मला कळतो. त्याला साबणाचा वास होता. नुसता साबणाचा.

तो वाळला नव्हता. तो ओलाच झाला नव्हता, सकाळपासून.

कुंचीत हात घातला तर पोरीचं डोकं तव्यासारखं. ओठ सुकलेले. मी तिला हलवलं, तिनं डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. मी म्हटलं, "शर्वरी, ही झोपलेली नाही गं. ही मलूल पडलीय." शर्वरीनं तिला माझ्याकडून जवळजवळ हिसकावून घेतलं.

नितीनरावांनी आईला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. काय झालं ते त्यांनी भराभर सांगितलं. अक्कांनी आधी एकच विचारलं, अंगात काय काय घातलंय. मी खाली मान घालून सांगितलं, झबलं, दुपटं, फलाटीन, कुंची, मोजे. मग अक्का, ज्या माझ्याशी नेहमी शुद्ध मराठीत बोलतात, त्यांच्या बोलीतच बोलल्या. "बठ्ठा कपडा काढी टाका. थंडा करा गाडी. पोरले छातीशी लावा, चोखो ना चोखो, लायेल ठेवा. मी दवाखानामा उभी शे."

मी सगळं उतरवलं. कुंचीची गाठ सुटेना, सासूबाईंनी शिवलेली ती नाडी मी दातांनी तोडली. पिशवीच्या तळाशी मलमल सापडलं, त्याची घडी मोडून ते पोरीवर सैल टाकलं, आणि शर्वरीनं तिला छातीशी लावून ठेवलं. नितीनरावांनी एसी लावला आणि मी आता एक अक्षर बोलले नाही.

पारोळ्याहून धुळ्यापर्यंत मी काय बघितलं विचाराल तर काहीच नाही. पोरीचं पोट वरखाली होताना बघत होते. जरा मंद वाटलं की शर्वरीला म्हणायची, "होतंय ना गं?" ती नुसती मान हलवायची. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मला तिच्याकडे बघवेना.

धुळे

अक्का खरंच दवाखान्याच्या फाटकात उभ्या होत्या, बारशाचं लुगडं नेसून, डोक्यावर ओला पंचा. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, पोरीला घेतलं आणि आत चालायला लागल्या.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी तपासलं, ताप बघितला, टाळूवर बोट ठेवलं, रक्त तपासायला घेतलं. म्हणाल्या, "अंगातलं पाणी कमी झालंय. उष्णतेनं झालेलं दिसतंय, पण इतक्या लहान बाळाचा ताप मी नुसता उष्णतेवर सोडणार नाही, रिपोर्ट येऊ दे. चोखायला लागलीय ना? मग सारखं अंगावर पाजा. वरचं पाणी, मध, काही नाही. आणि लघवी झाली की मला लगेच सांगा. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर सलाईन लावावं लागेल."

मी पोरीच्या हाताकडे बघितलं. त्या हातात सुई कुठे टोचणार?

मग बसणं आलं. शर्वरी पाजायची, आणि पाजून झालं की मी किंवा अक्का पोरीला खांद्यावर घ्यायचो, पाठ थोपटायचो, मांडीवर उताणी ठेवायचो. लंगोट नाही, अंगावर तेवढं मलमल. घरी अक्कांच्या जावा खापरावर मांडे भाजून बसल्या होत्या, आमरसाची पातेली भरली होती, पाळणा सजला होता. कुणाचा फोन आला की अक्का सांगायच्या, "जेवून घ्या बठ्ठे, आम्हाले टाइम लागी."

मला वाटत होतं, ही बाई आता मला फाडून खाणार. नातीला मी गुंडाळून मारायला निघाले होते. त्या मात्र एक शब्द बोलत नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं. शेवटी मलाच राहवेना. मी म्हटलं, "अक्का, बोला काहीतरी. शिव्या दिल्यात तरी चालेल."

त्यांनी पोरीवरचं मलमल सारखं केलं. मग म्हणाल्या, "राजापूरला मी खिडक्या लावल्या होत्या. तुम्ही बाया हसल्या मला."

"हो," मी म्हटलं. "हसलो होतो."

"तिथे भोवळ आली ते आबा, माझे मोठे भाऊ. मला वाटलं, माझ्यामुळे गेले. त्या दिवशी मीही अशीच बसली होती. कोणी माझ्याशी बोललं नाही." त्यांनी डोक्यावरचा पंचा काढला, तो आता कोरडा ठणठणीत होता, आणि नळावर पुन्हा ओला करून आणला. माझ्या डोक्यावर ठेवला. "तुम्हीसुद्धा इथे आल्यापासून काही प्यायल्या नाहीत. तोंड बघा तुमचं."

मला रडू कोसळलं. तिथे बाकावर, लोकांसमोर. अक्का म्हणाल्या, "रडू नका, अंगातलं पाणी जाई," आणि मग दोघींचंही लक्ष पुन्हा पोरीकडे गेलं.

दुपार कलली. रिपोर्ट आला, त्यात काही नव्हतं. डॉक्टर बाई एकदा डोकावून गेल्या. "झाली का?" आम्ही मान हलवली, नाही. नर्सनं सलाईनचा स्टँड आणून भिंतीशी लावून ठेवला. शर्वरीनं तो बघितला आणि तोंड फिरवलं. पोरीचा ताप उतरत होता, ती आता ओठ मुडपत होती, मध्येच हात उडवत होती, पण अंगावरचं मलमल कोरडंच. त्या कोरडेपणाचा मला इतका राग यायला लागला की काय सांगू. ज्या कोरड्या कापडासाठी मी दोन श्रावण देवाला हात जोडले, तेच माझ्यासमोर पांढरंशुभ्र पसरलेलं होतं.

पोरगी माझ्या मांडीवर होती. अक्का तिच्या तळव्यांना बोट लावत होत्या. अचानक ती ताठ झाली, तोंड लाल केलं, आणि माझ्या नारायणपेठवर ऊबदार काहीतरी पसरायला लागलं. मी हललेच नाही. हलले तर थांबेल की काय असं वाटलं. अक्कांनी माझ्या मांडीवर तळहात ठेवला, उचलून बघितला, आणि तो मला दाखवला.

"वल्लं शे," त्या म्हणाल्या. "विहीणबाई, वल्लं शे."

मी पोरीला त्यांच्या हातात दिलं आणि उठले. खिडकीतून झळ येत होती, वर पंखा गरगरत होता, आणि हे धुळे होतं, इथे काही टिकत नाही. ओल्या निऱ्या दोन्ही हातांनी पुढे धरून मी दवाखान्याच्या व्हरांड्यातून जवळजवळ पळतच गेले. बाकावरची माणसं बघत होती. डॉक्टर बाईंच्या दाराशी रांग होती, मी ती ओलांडली.

"डॉक्टर, हे बघा," मी म्हटलं. "लवकर बघा, वाळेल."